मदत हवी आहे: मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसतो

पोहे_जिलबी (इंदूर)
लॅपटॉप विंडोज ११, इंटेलचं ग्राफिक्स. एचडीएमआयवर २४ इंची आयपीएस मॉनिटर, १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ. काम साड्यांच्या फोटोंचं. चंद्रकळेचा काळा धुरकट राखाडी दिसतो, पांढरा मळका. लाल मात्र लॅपटॉपपेक्षा भडक. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट दोन्ही फिरवून झाले. जेल रोडवरून भारीतली केबल आणू का?

राजवाडा_चौक
केबल राहू द्या. एचडीएमआय केबल बिघडली तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र मधेच जातं, रंग फिकट पडत नाहीत.

काळा आणि पांढरा एकदमच गेलेत, म्हणजे रेंजचा घोळ वाटतो. १०८० आणि ६० हर्ट्झ हे टीव्हीचंही माप. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर समोर टीव्ही आहे असं धरून ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतो. मॉनिटर ते पूर्ण रेंजचे समजून दाखवतो, मग काळा १६ वर अडकतो आणि पांढरा २३५ वर. कॉन्ट्रास्ट वाढवून हे सुटत नाही, उलट उजळ भागातलं जरीकाम पांढरंफट्ट होतं.

इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडा, डिस्प्लेमध्ये हा मॉनिटर निवडा आणि क्वांटायझेशन रेंज 'फुल' करा. एनव्हिडिया असतं तर 'आउटपुट डायनॅमिक रेंज' शोधायला सांगितलं असतं.

मग पेंटमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर ८, १६, २४ असे तीन चौकोन काढा (लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे). खोलीतला दिवा मालवून बघा. १६ चा चौकोन जेमतेम पण नक्की दिसला पाहिजे. १६ पर्यंत सगळं एकच काळं झालं, तर मॉनिटर अजून टीव्हीची रेंज धरून बसलाय. त्याच्या मेनूत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' असेल, ती बदला.

सराफा_रात्री
त्याआधी अर्ध्या मिनिटाचं काम: विंडोज, ऑल्ट आणि बी एकदम दाबून एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा मोड) चालू-बंद होतो का बघा. साध्या मॉनिटरवर एचडीआर चालू राहिला तरी सगळं असंच धुतल्यासारखं दिसतं. नाइट लाइटही (पडदा पिवळसर करणारी विंडोजची सोय) बंद करा.

पोहे_जिलबी
एचडीआर नव्हताच. रेंज फुल केली आणि काळा काळा झाला! १६ चा चौकोन दिसतो, ८ चा अगदी डोळे ताणल्यावर. पण लाल अजून भडकच. लॅपटॉपवर तीच साडी विटकरी दिसते.

राजवाडा_चौक
लॅपटॉपवर भरवसा ठेवू नका. स्वस्त लॅपटॉपचे बरेच पॅनेल ४५ टक्के एनटीएससीचे (टीव्हीचं जुनं रंगमाप) असतात, म्हणजे एसआरजीबीचे (मॉनिटर आणि वेबवरचं नेहमीचं रंगमाप) साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतात. गडद लाल तिथे विटकरीच होणार. तुमच्या पॅनेलचा आकडा कंपनीच्या तपशिलात बघा.

मॉनिटरही धुतल्या तांदळाचा असेल असं नाही. 'व्हिव्हिड' किंवा 'गेम' मोड असेल तर 'एसआरजीबी' घ्या. त्यात ब्राइटनेस बदलता येत नसेल तर 'युझर' मोड आणि कलर टेम्परेचर ६५००. शिवाय विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये या मॉनिटरला भलतंच प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी फाइल) चिकटलेलं नाही ना, ते बघा.

पोहे_जिलबी
'व्हिव्हिड'च होता. एसआरजीबीवर लाल बराच खाली आला, पण ब्राइटनेस कुलूपबंद झाला म्हणून युझर मोड घेतला. आता ब्राइटनेस किती ठेवू? कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजायचं यंत्र) नाही.

सराफा_रात्री
कामाच्या जागी रोजचाच दिवा लावा, पडद्यावर कोरं पान उघडा आणि शेजारी प्रिंटरचा कोरा कागद धरा. पडदा कागदापुढे दिव्यासारखा पेटलेला वाटला तर ब्राइटनेस कमी करा, कागदच उजळ वाटला तर वाढवा. खिडकीतून ऊन येत असताना हे करू नका. आणि फोटो सेव्ह करताना एसआरजीबीच ठेवा, गिऱ्हाईक फोनवर बघणार आहे.