यू-बूटसाठी स्वतःच्या बोर्डचा डिव्हाइस ट्री: कर्नलची डीटीएस टाकली तर एसपीएल गप्पच

ऑफसेट_शून्य

नमस्कार मंडळी, ६४ बिट आर्मवर एक कस्टम बोर्ड आहे, डिझाइन बहुतेक सगळं त्या चिपच्या इव्हॅल्युएशन बोर्डवरून उचललेलं, फरक म्हणजे कन्सोल युआर्ट (सीरियल पोर्ट) ० ऐवजी युआर्ट २ वर आणलाय आणि रॅम २ जीबी ऐवजी १ जीबी आहे, बाकी ईएमएमसी, एसडी, इथरनेट तसंच. आत्तापर्यंत चिपवाल्यांचा यू-बूटचा (लिनक्स चालू करून देणारा बूटलोडर) जुना फोर्क म्हणजे बदललेली प्रत वापरत होतो ज्यात सगळं हेडर फाइलमधल्या मॅक्रोमध्ये कोंबलेलं होतं, त्याच्यावर लिनक्स छान चालतं आणि कर्नलची डीटीएस (डिव्हाइस ट्रीची सोर्स फाइल, म्हणजे बोर्डवर काय काय हार्डवेअर आहे त्याचं वर्णन) पण आमचीच आहे. आता मेनलाइन म्हणजे मूळ अधिकृत यू-बूटवर जायचंय तर म्हटलं तीच डीटीएस इकडे टाकू, हार्डवेअर तर तेच आहे. बिल्ड होतं, एकही वॉर्निंग नाही, पण कार्ड घातलं की कन्सोलवर एक अक्षर येत नाही.

तर कर्नलची डीटीएस यू-बूटला जशीच्या तशी चालते का? नसेल तर नक्की काय वाढवायचं? काही बोर्डांच्या फाइलमध्ये बूटपीएच-ऑल असं जागोजागी लिहिलेलं दिसलं, ते काय आहे? आणि बोर्ड पूर्ण मुका असताना डीबग सुरू तरी कुठून करायचं, कारण जेटॅगचे (डीबगर जोडायचे) पॅड बोर्डवर काढलेलेच नाहीत.

युआर्टप्रेमी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. डीबग युआर्ट चालू करा. मेन्यूकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय निवडायचा मेन्यू) आहे, एसपीएलसाठी (यू-बूटचा पहिला छोटा टप्पा) बेस अ‍ॅड्रेसचा पर्याय वेगळा आहे तोही बघा. याला डिव्हाइस ट्री लागत नाही, ड्रायव्हर मॉडेल लागत नाही, तुम्ही बेस अ‍ॅड्रेस आणि क्लॉकचा आकडा कॉन्फिगमध्येच देता आणि तो थेट रजिस्टरमध्ये अक्षरं ढकलतो. फक्त बेस युआर्ट २ चा द्या, शिफ्ट बघा (रजिस्टर ४-४ बाइटवर असतील तर २), आणि पिनमक्स (कुठली पिन कुठल्या कामाला ते ठरवणं) कोण करणार ते बघा, कारण इव्हॅल्युएशन बोर्डच्या कोडमध्ये पिनमक्स युआर्ट ० चंच केलेलं असणार, ते बोर्ड फाइलमधल्या डीबग-युआर्ट-इनिट फंक्शनमध्ये जाऊन बदलावं लागेल. अनाउन्सचा पर्याय चालू ठेवलात तर चालू झाल्या झाल्या डीबग युआर्टची एक ओळ येते, ती दिसली म्हणजे एसपीएल निदान धावतंय हे नक्की, आणि खरा कन्सोल उभा राहायच्या आधीचे प्रिंट पण मग तिथेच येतात.

जुना_सोल्डर

डीबग युआर्ट हवाच. पण मूळ प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे आणि जरा लांब आहे.

हार्डवेअरचं वर्णन म्हणून तुमची डीटीएस बरोबरच आहे, चालायलाच हवी, आता तर यू-बूटच्या सोर्समध्ये डीटीएस-अपस्ट्रीम म्हणून कर्नलच्याच डीटीएसची अख्खी प्रत येते आणि बरेच बोर्ड थेट तिच्यावरून बिल्ड होतात. अडचण अशी की कर्नल जागा होतो तेव्हा रॅम तयार असते आणि अख्खा डीटीबी (डीटीएसवरून बनलेली बायनरी) मेमरीत एकत्र पडलेला असतो. बूटलोडरचं तसं नाही, तो टप्प्याटप्प्याने उठतो, आणि पहिल्या टप्प्याला म्हणजे एसपीएलला चिपच्या आतली एसरॅम मिळते, ती पण काही चिपवर एवढुशी की बूट रॉम ३२ केबीच्या वर उचलतच नाही. त्यात अख्खा डीटीबी कसा मावणार, एकटा डीटीबीच कधी कधी त्याच्यापेक्षा मोठा असतो. म्हणून बिल्डच्या वेळी एफडीटीग्रेप नावाचं टूल डीटीबीची छाटणी करतं आणि ज्या नोडवर (झाडातल्या एकेका हार्डवेअरच्या नोंदीवर) बूटपीएचची खूण आहे तेवढेच नोड एसपीएलच्या डीटीबीत ठेवतं. तुमच्या कर्नलच्या डीटीएसमध्ये त्या खुणा नसतील तर एसपीएलला जवळपास रिकामं झाड मिळतं. बिल्ड तक्रार करत नाही कारण त्याच्या दृष्टीने चुकीचं काहीच नाहीये.

खुणा कोणत्या: बूटपीएच-प्री-रॅम म्हणजे एसपीएलमध्ये हवा, बूटपीएच-प्री-एसरॅम म्हणजे त्याच्याही आधीच्या टीपीएलमध्ये, बूटपीएच-सम-रॅम म्हणजे मुख्य यू-बूटमध्ये पण रिलोकेशनच्या (यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो त्याच्या) आधी, आणि बूटपीएच-ऑल म्हणजे सगळीकडे. २०२३ च्या आधीच्या कोडमध्ये हेच यू-बूट-डीएम-एसपीएल, यू-बूट-डीएम-प्री-रिलॉक अशा नावांनी दिसेल, जुने लेख वाचताना गोंधळू नका.

आता खरी मेख. युआर्टच्या नोडला खूण लावली की काम झालं असं नसतं. तो नोड क्लॉक कंट्रोलरकडे बोट दाखवतो, पिन-कंट्रोलच्या एका ग्रुपकडे बोट दाखवतो, आणि छाटणीत ते नोड उडाले असतील तर युआर्टचा ड्रायव्हर प्रोब (म्हणजे चालू) होताना क्लॉक मागतो आणि त्याला ते मिळत नाही. म्हणून युआर्ट, त्याचा पिन ग्रुप, क्लॉक कंट्रोलर, रॅम कंट्रोलर, आणि ज्यावरून पुढचं लोड करायचं तो एमएमसी, एवढी साखळी पूर्ण हवी. जुन्या व्हर्जनमध्ये बापनोडला पण हाताने खूण द्यावी लागते. आणि चोझन नोडमधला एसटीडीआउट-पाथ (कन्सोल कुठला ते सांगणारा) युआर्ट २ कडे आहे ना ते बघून घ्या, एलियासमध्ये (नोडना दिलेली छोटी नावं) सीरियल २ पण हवं.

बिल्ड झाल्यावर एसपीएल फोल्डरमधला डीटीबी डीटीसीने (डिव्हाइस ट्री कंपायलर) उलटा फिरवून डीटीएस करून वाचा. अंदाज लावत बसण्यापेक्षा ते बरं, कारण चिपच्या हातात खरोखर काय पडलंय ते तिथेच कळतं. नोड आहे पण त्यातल्या पिन-कंट्रोल किंवा क्लॉकच्या प्रॉपर्टी गायब, असं दिसलं तर कॉन्फिगमधली एसपीएलमधून काढायच्या प्रॉपर्टींची यादी बघा, ती छाटणी वेगळी चालते.

झटपट_बूट

एवढं कशाला, सगळ्या नोडना बूटपीएच-ऑल लावून टाका ना. मी तेच करतो. चालतं.

पिनमक्स

@झटपट_बूट चालतं कारण तुमच्या चिपमध्ये एसरॅम भरपूर असेल. जिथे जागा टाइट आहे तिथे एसपीएलची इमेजच मर्यादेबाहेर जाते, आणि गेली तर बरंच म्हणायचं, निदान बिल्डमध्ये कळतं. त्याहून वाईट म्हणजे रिलोकेशनच्या आधीचा मॅलॉक (मेमरीची जागा वाटणारा साठा). तो ठरावीक आकाराचा असतो, कॉन्फिगमध्ये सिस-मॅलॉक-एफ-लेन, आणि प्रत्येक नोडसाठी ड्रायव्हर मॉडेल त्यातून जागा घेतं. ३०-४० नोड उगाच बांधले की मध्येच उणे १२ येतं म्हणजे मेमरी संपली, आणि ते नेमकं कुठल्या डिव्हाइसवर येईल याचा नेम नाही, मग माणूस एमएमसीच्या ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसतो. शिवाय त्या सगळ्या नोडांवरून फिरायला वेळ लागतो, कॅश बंद असताना तर जाणवतो. हवं तेवढंच लावा.

ऑफसेट_शून्य

मोठी मदत झाली. डीबग युआर्ट चालू केला, बेस आणि पिनमक्स युआर्ट २ चं केलं, आता ती अनाउन्सची ओळ येते आणि मग डीरॅम इनिट फेल, उणे १९, आणि तिथेच थांबतं. एसपीएलचा डीटीबी उलटा करून पाहिला तर त्यात युआर्ट २ आणि त्याचा पिन ग्रुप आहे पण क्लॉक कंट्रोलर नाही, रॅम कंट्रोलर नाही, एमएमसी नाही. हे विचित्र वाटतंय कारण इव्हॅल्युएशन बोर्डच्या बिल्डमध्ये हे सगळे नोड आहेत आणि त्या बोर्डच्या फाइलमध्ये तर यांच्यावर कसलीच खूण नाही. मी एवढंच केलंय की माझ्या बोर्डच्या नावाने शेवटी यू-बूट लावून एक डीटीएसआय (डीटीएसमध्ये जोडली जाणारी फाइल) बनवली आणि त्यात युआर्ट २ आणि पिन ग्रुपला बूटपीएच-ऑल दिलं, कारण कर्नलच्या फाइलला हात लावायचा नव्हता.

जुना_सोल्डर

मिळालं. कर्नलच्या फाइलला हात न लावता वेगळी फाइल केलीत हे अगदी योग्य, पण ती फाइल कशी उचलली जाते ते बघा. बिल्ड सिस्टिम आपोआप एक डीटीएसआय शेवटी जोडतं आणि शोधायचा क्रम असा: आधी बोर्डच्या डीटीएसच्या नावाची, मग एसओसीच्या (म्हणजे चिपच्या) नावाची, मग सीपीयू, मग व्हेंडर, आणि शेवटी नुसती यू-बूट डॉट डीटीएसआय. यातली पहिली सापडेल ती एकच घेतली जाते, बाकीच्या सोडून दिल्या जातात. इव्हॅल्युएशन बोर्डला स्वतःची फाइल नसणार, म्हणून त्याला एसओसीची फाइल मिळत होती आणि क्लॉक, रॅम, एमएमसीच्या खुणा तिच्यात आहेत. तुम्ही बोर्डच्या नावाची फाइल ठेवल्याबरोबर एसओसीवाली बाहेर गेली.

तुमच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत एसओसीची ती यू-बूटवाली डीटीएसआय इन्क्लूड करा, संपलं. ती आर्च, आर्म, डीटीएस या फोल्डरमध्ये सापडेल. पुढे कधी शंका आली तर मेकला डिव्हाइस-ट्री-डीबग बरोबर १ देऊन बिल्ड करा, कुठल्या फाइली शोधल्या ते छापून येतं.

उणे १९ म्हणजे असं डिव्हाइसच नाही. रॅमचं टायमिंग वगैरे तपासत बसू नका, ड्रायव्हरपर्यंत गाडी पोचलीच नाहीये.

पिनमक्स

आणि बिनमॅनचा नोड पण बऱ्याच एसओसींच्या त्याच फाइलमध्ये असतो, म्हणजे अंतिम इमेजमध्ये कुठला तुकडा कुठल्या ऑफसेटला बसवायचा त्याचं वर्णन. ती फाइल सुटली की कधी कधी इमेजच अर्धवट बनते. डिव्हाइस ट्रीमध्ये इमेजची मांडणी लिहायची हे मला आजही पटत नाही, हार्डवेअरशी त्याचा काय संबंध, पण आता तेच आहे.

जुना_सोल्डर

@पिनमक्स म्हणून तर ते यू-बूटवाल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. बूटपीएचच्या खुणा मात्र आता डिव्हाइस ट्रीच्या अधिकृत स्कीमात आल्यात, त्या कर्नलच्या डीटीएसमध्ये पाठवल्या तरी चालतात. कुठला नोड किती लवकर लागतो हे बोर्डवरूनच ठरतं की शेवटी.

ऑफसेट_शून्य

इन्क्लूडची एक ओळ टाकली आणि एसपीएल बोलायला लागलं!! एसडीवरून मुख्य यू-बूट पण लोड होतो, बॅनर येतो, मॉडेलचं नाव आमच्याच बोर्डचं येतं, मग डीरॅम २ जीआयबी अशी ओळ आणि मग ठप्प. प्रत्येक वेळी तिथेच. रॅम तर १ जीबी आहे, मग हा २ कुठून आणतोय? हीच डीटीएस घेऊन लिनक्स मात्र इतके दिवस १ जीबीच दाखवत आलंय.

युआर्टप्रेमी

मेमरी नोड बघा. पैज लावतो, इव्हॅल्युएशन बोर्डवरून आलेला आहे आणि त्यात आकार हेक्समध्ये ८००००००० आहे म्हणजे २ जीबी, तुम्हाला ४००००००० हवं. अ‍ॅड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स दोन्ही २ असतील तर रेग प्रॉपर्टीत चार आकडे असतात, पहिले दोन बेसचे, पुढचे दोन आकाराचे, शेवटचा बदलायचा.

लिनक्सला का चालत होतं ते सांगतो, यात भलेभले फसतात. लिनक्सला डीटीबी देण्याआधी यू-बूट त्यात दुरुस्त्या करतो, मेमरी नोडमध्ये स्वतःला माहीत असलेला रॅमचा आकार लिहितो, चोझनमध्ये बूटआर्ग्ज टाकतो, इथरनेटचा मॅक टाकतो. तुमच्या जुन्या फोर्कला आकार हेडरच्या मॅक्रोतून माहीत होता, तो दर बूटला तुमचा चुकीचा नोड गुपचूप दुरुस्त करत होता. आता नवीन यू-बूट तुमच्या चिपसाठी आकार त्याच नोडमधून वाचतोय. आणि आकार वाचला की तो स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो, तेच रिलोकेशन. वरचा १ जीबी अस्तित्वातच नाही, तिकडे उडी मारली की खेळ खलास. म्हणून बरोबर त्या ओळीनंतर मरतोय.

सगळ्या चिपवर असंच होतं असं नाही, काही ठिकाणी कोड कंट्रोलरच्या रजिस्टरमधून आकार काढतो किंवा मेमरीत लिहून-वाचून मोजतो, तिथे नोड चुकीचा असला तरी फरक पडत नाही.

ऑफसेट_शून्य

शेवटचा आकडा बदलला, थेट प्रॉम्प्ट आला 🙏 आता दोन किरकोळ गोष्टी. एक, जुन्या फोर्कमध्ये ईएमएमसी म्हणजे एमएमसी ० होतं, इथे ते १ झालंय आणि आमच्या सगळ्या बूट स्क्रिप्ट ० वर आहेत. दोन, प्रॉम्प्टवर एफडीटी प्रिंट दिलं तर झाड दाखवायला नकार देतो, आधी अ‍ॅड्रेस सेट करा म्हणतो.

पिनमक्स

पहिल्याचं उत्तर एलियास. एलियासेस नोडमध्ये एमएमसी ० ईएमएमसीच्या कंट्रोलरकडे आणि एमएमसी १ एसडीकडे दाखवा, यू-बूट तेच नंबर पाळतो. आता कर्नलही एमएमसीसाठी एलियास मानतो, त्यामुळे लिनक्समध्ये रूट पार्टिशन एमएमसी-बीएलके नंबरवर लिहिलेलं असेल तर तिकडचं पण हलू शकतं, तिथे पार्टयूयूआयडी (पार्टिशनची स्वतःची कायमची ओळख) वापरा म्हणजे कटकट नाही. इथरनेटचा मॅक पण याच वाटेने जातो, इथरनेट ० असा एलियास नसेल तर यू-बूटच्या एन्व्हायरन्मेंटमधला मॅक कर्नलच्या डीटीबीत जात नाही आणि मग काही ड्रायव्हर दर बूटला नवा रँडम मॅक घेऊन बसतात.

दुसऱ्याचं: डीटीबी दोन आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. एक यू-बूटचा स्वतःचा, कंट्रोल डीटीबी, आणि दुसरा तुम्ही कार्डवरून लोड करून बूटआय कमांडला देता तो कर्नलचा. एफडीटी कमांडला कुठला बघायचा ते सांगावं लागतं. एफडीटी अ‍ॅड्र कमांडला एफडीटी-कंट्रोल-अ‍ॅड्र या व्हेरिएबलची किंमत द्या, मग प्रिंट चालेल. सोबत डीएम ट्री पण चालवून बघा, कुठल्या नोडला कुठला ड्रायव्हर चिकटला आणि कुठला प्रोब झाला ते दिसतं. कर्नलच्या डीटीएसमधले बरेच नोड तिथे दिसणारच नाहीत, ज्यांना यू-बूटमध्ये ड्रायव्हर नाही ते तो मुकाट सोडून देतो, त्याची काळजी नको.

कंट्रोल डीटीबीत बदल करून बघायचा असेल तर दर वेळी डीटीएस सोर्समध्ये घालायची गरज नाही, मेकला ईएक्सटी-डीटीबीमध्ये बाहेरच्या डीटीबीचा पाथ देता येतो. पण तो मार्ग फक्त प्रयोगापुरता ठेवा, नाहीतर कुठल्या बोर्डवर कुठला डीटीबी गेलाय याचा पत्ता राहत नाही.