मुक्तिफौज : दवाखाना लक्षात ठेवायचा की वसाहत?

नगरी_मिसळ :
आमच्या नगरात (आताच्या अहिल्यानगरात) रिक्षावाल्याला 'बूथ हॉस्पिटल' म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. कोरोनात तर ते नाव घरोघरी गेलं. पण बूथ कोण, हे दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. दवाखाना मुक्तिफौजेचा, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती मिशनरी संघटनेचा. नाव इव्हँजेलिन बूथचं; फौजेची जनरल म्हणून निवडून आलेली (1934) ही पहिली बाई. तिचे आईवडील विल्यम आणि कॅथरीन यांनी 1865 मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं.

विल्यम बूथचं 1890 मधलं म्हणणं मला फार आवडतं : लंडनच्या भाड्याच्या गाडीचा घोडा पडला तर त्याला उठवतात, आणि जिवंत असेतो त्याला दाणापाणी, निवारा नि काम मिळतं, माणसाला निदान तेवढं तरी द्या. पुढच्याच वर्षी त्यांनी काडेपेट्यांचा कारखाना काढला. तेव्हा पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगार बायकांचे जबडे सडत. यांनी लाल फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली.

आपल्याकडे ही मंडळी 19 सप्टेंबर 1882 ला मुंबईत उतरली. 'फौज' म्हणायची आणि माणसं चार! म्होरक्या फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला. भगवे कपडे, अनवाणी पाय, नाव घेतलं फकीरसिंग. समाजसुधारणेच्या आपल्या इतिहासात यांना तळटीपही मिळू नये?

पालावरून :
तळटीप कशाला, आख्खं प्रकरण द्या. फक्त ते 1882 ला संपवू नका. हाच टकर 1907 मध्ये पुन्हा हिंदुस्थानातल्या कामाचा प्रमुख झाला आणि 1908 पासून फौजेने 'गुन्हेगार जमातीं'च्या वसाहती चालवायला घेतल्या. आधी गोरखपूरकडे डोम, मग आंध्रात स्टुअर्टपुरमला येरुकुला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली माणसं, हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पाऊल नाही. 1911 च्या सुधारित गुन्हेगार जमाती कायद्यात तर मुलांना आईबापांपासून काढून घ्यायची सोय होती. जमीन सरकारची, अनुदान सरकारचं, पहारा मिशनऱ्याचा. वर टकरला इंग्रज सरकारचं कैसर-इ-हिंद पदक. आमच्या आजोबांच्या पिढीने सोलापूरच्या सेटलमेंटचं (वसाहतीचं) तारेचं कुंपण पाहिलं आहे. ती वसाहत फौजेची नव्हती, पण कायदा तोच.

खडूफळा :
दादा, कायदा 1871 चा आहे, फौजेने केलेला नाही. ती नसती तर या लोकांच्या वाट्याला नुसते पोलीस आणि तुरुंग आले असते. वसाहतीत विणकाम शिकवलं, शेती दिली, शाळा काढल्या. त्या काळात दुसरं कोण पुढे आलं होतं, ते सांगा.

पालावरून :
सर, कोंडलेल्या माणसाला हातमाग दिला म्हणून कोंडणारा शिक्षक होत नाही. 'कायदा आमचा नाही' हे तर प्रत्येक जेलर म्हणतो. टकर लिहायचा की गुन्हेगारी हा बरा करण्याजोगा रोग आहे. अहो, पण रोगी कोण हे ठरवलं कुणी? 1952 मध्ये कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर येतात.

तिरकस_पेठकर :
एवढा काथ्याकूट कशाला? सूप, साबण आणि शेवटी बायबल. सगळा खटाटोप धर्मांतराचा.

नगरी_मिसळ :
पेठकर, धर्मप्रचार त्यांनी कधी लपवला नाही. ढोलताशे वाजवून केला. मुंबईत मिरवणुका काढल्या म्हणून इंग्रज सरकारनेच त्यांना अटक केली, टकर तुरुंगात गेला. तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन.

पालावरून, तुमचा मुद्दा जास्त बोचतो. ज्याला रस्त्यावर चालू दिलं नाही, त्यानेच पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांच्या परवान्यावर सही करावी, याचं समर्थन मी करणार नाही. मला वाटतं, सरकारचा पैसा आणि जमीन घेतली तिथेच घोडं पेंड खातं. काडेपेटीच्या कारखान्यात ते मालकांच्या विरोधात उभे होते. गोरखपूरला कलेक्टरच्या बाजूला. पण म्हणून नगरचा दवाखाना त्या खात्यात मांडू नका.

पालावरून :
दवाखान्याशी माझं वैर नाही, आमची माणसंही तिथे जातात. तुम्ही बूथवर लेख लिहिणार असाल तर घोड्याच्या गोष्टीशेजारी त्या हजेरीचाही परिच्छेद घाला. मसुदा आधी इथेच टाका, मी वाचीन.