फक्त 8 अंश झुलणाऱ्या शाफ्टचे 6208 बेअरिंग पाच महिन्यांत का जाते?

भोसरीचा देखभालवाला

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. आमच्या एका यंत्राचा हात क्रँकमुळे मध्यापासून दोन्ही बाजूंना 4 अंश, म्हणजे एकूण 8 अंश झुलतो आणि मिनिटाला साधारण 60 वेळा पुढे-मागे होतो. हाताच्या शाफ्टला 6208 क्रमांकाची दोन बॉल बेअरिंगे आहेत. कॅटलॉगमधील सूत्राने हिशेब केला, तर ती कित्येक वर्षे टिकायला हवीत. प्रत्यक्षात पाचव्या महिन्यात शाफ्ट हाताने फिरवताना खटके लागतात आणि मोटरचा करंट वाढलेला दिसतो. उघडल्यावर बाहेरच्या रिंगवर गोळ्यांच्या अंतराने खळगे दिसतात आणि ग्रीसमध्ये गेरूसारखी तांबूस भुकटी मिळते. बेअरिंगची कंपनी दोनदा बदलली, ग्रीस तीन नंबरचे घट्ट वापरले, तरी फरक पडला नाही. माल खोटा आहे, की आमची निवडच चुकली?

जुना डिझायनर

माल खोटा असण्याची शक्यता मी शेवटी धरेन. कॅटलॉगमधील आयुष्य हे पोलाद थकून त्याचे पापुद्रे निघेपर्यंतचे आयुष्य असते आणि त्यात गोळी व रिंग यांच्यामध्ये तेलाचा थर आहे, असे गृहीत धरलेले असते. आपली तांबूस भुकटी ही थकव्याची खूण नसून झिजेची खूण आहे. पोलादाचे सूक्ष्म कण सुटतात, हवेतील प्राणवायूने गंजतात आणि मग तोच गंज पॉलिश पेपरसारखा रिंग घासत राहतो.

आपल्या बेअरिंगचाच हिशेब करून पाहू. 6208 मध्ये साधारणपणे 12 मिमी व्यासाच्या 9 गोळ्या असतात आणि त्यांच्या मध्यांचे वर्तुळ 60 मिमीचे असते. शाफ्ट 8 अंश फिरला, की गोळ्यांना समान अंतरावर धरणारा पिंजरा त्याच्या 0.4 पट, म्हणजे 3.2 अंशच सरकतो, त्यामुळे प्रत्येक गोळी रिंगवर जेमतेम 2 मिमी लोळते आणि परत येते. दोन गोळ्यांमधील अंतर 40 अंशांचे असल्यामुळे एका गोळीची वाट शेजारच्या गोळीच्या वाटेला भिडायची, तर आतल्या रिंगवर शाफ्ट एकूण सुमारे 67 अंश आणि बाहेरच्या रिंगवर 100 अंश झुलायला हवा. पूर्ण फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये वाटेवरचे वंगण सतत पसरत आणि परत येत राहते. येथे गोळी त्याच 2 मिमीवरून ग्रीस दोन्ही बाजूंना ढकलते आणि ग्रीस घट्ट असले, तर त्यातील तेल परत झिरपायच्या आत पुढचा झोका येतो. घट्ट ग्रीस जास्त टिकते ही समजूत येथे अगदी उलटी पडते.

वंगणप्रेमी

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. परंतु ग्रीस बदलण्याआधी भिंग घेऊन खळगे पाहावेत, अशी विनंती करतो. खळग्याच्या तळाशी ग्राइंडिंगच्या मूळ रेषा तशाच दिसत असतील, तर धातू दाबला गेला आहे, म्हणजे बसवताना हातोडा पडला किंवा भार झेपला नाही. रेषा पुसल्या गेल्या असतील, तर ती झीज आहे. या झिजेला इंग्रजीत ‘फॉल्स ब्रिनेलिंग’ म्हणतात. 1900 साली कठीणपणाची चाचणी मांडणाऱ्या स्वीडिश अभियंता ब्रिनेल यांचे नाव तिला केवळ त्या चाचणीत गोळी दाबून पडणाऱ्या खळग्याशी दिसण्यात असलेल्या साम्यामुळे चिकटले. 1930 च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉईटहून रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे अशीच खराब होऊन पोहोचत असत, आणि त्या मोटारी तर वाटेत एक फेराही चाललेल्या नसत.

दुसरी गोष्ट म्हणजे, लोळण्याच्या दिशेने खळग्याची रुंदी मोजावी. मध्यम भाराला गोळीचा रिंगला होणारा स्पर्श त्या दिशेने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. झोक्याने झालेला खळगा त्यामुळे अडीच मिमीच्या जवळपास यायला हवा.

भोसरीचा देखभालवाला

दोघांचेही आभार. काल सुट्टी असल्यामुळे बेअरिंग कापून निवांत पाहता आले. रेषा पुसलेल्याच आहेत. मात्र खळगे दोन प्रकारचे निघाले: काही अडीच मिमीचे, आणि त्यांच्या शेजारी वाटेला आडव्या, अर्ध्या मिमीच्या बारीक फटींसारख्या खुणा, त्याही बरोबर 25 मिमी अंतरावर.

वंगणप्रेमी

बारीक खुणा झोक्याच्या नव्हेत, कारण यंत्र चालू असताना गोळी एवढ्याशा जागेत थांबत नाही. यंत्र बंद असताना जवळपास काही थरथरते का?

भोसरीचा देखभालवाला

त्याच शेडमध्ये पॉवर प्रेस आहे. आमचे यंत्र फक्त पहिल्या पाळीत चालते, प्रेस तिन्ही पाळ्यांत. हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

जुना डिझायनर

मग हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना एकच औषध चालणार नाही. झोक्यासाठी तीन नंबरऐवजी एक नंबरचे, पातळ मूळ तेलाचे आणि तेल सहज सोडणारे ग्रीस घ्यावे. पाळी संपताना क्रँकची पिन काढून हात एकदा 100 अंशांपर्यंत फिरवावा, म्हणजे ग्रीस पुन्हा वाटेवर येईल. सर्व्हिसिंगच्या वेळी बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या खोबणीत, 20 अंश फिरवून बसवली, तर भार कोऱ्या जागेवर येतो. हा उपाय थोडा जुगाडू वाटेल, पण फुकट आहे. थरथरीसाठी ग्रीसचा फारसा उपयोग नाही. प्रेसखाली कंपन शोषणारे पॅड घालावेत आणि यंत्र बंद करताना हाताला लाकडी ठोकळ्याचा टेकू द्यावा, म्हणजे त्याचे वजन बेअरिंगवर राहणार नाही. शिवाय स्प्रिंग वॉशर लावून बेअरिंगमधील ढिलाई काढावी. एवढे करूनही वर्ष निघाले नाही, तर टेफ्लॉन अस्तराचा साधा बुश बसवावा. त्याला तेलाचा थर लागत नाही. घर्षण मात्र वाढेल, त्यामुळे मोटरला तेवढी ताकद आहे का, ते आधी तपासावे.

भोसरीचा देखभालवाला

ठोकळा आजच ठेवला. पॅडचे मालकांना सांगितले आहे, ते दर विचारत आहेत.