ब्रेकअपनंतरची तक्रार म्हणजे सूडच का?
एकीने ऑफिसातल्याच एक्स बॉयफ्रेंडविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, त्यावर कुणी म्हणतंय की ती दोन वर्षं त्याच्यासोबत होती, हार्टवाले मेसेज आहेत, मग ब्रेकअप झाल्यावर कसली तक्रार, हा सूडच. अहो पण सगळा खेळ तारखांचा आहे ना! २०१३ च्या पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) बघतात ते वागणं नकोसं होतं का, आणि काल हवंसं असलेलं 'आता मेसेज करू नकोस' म्हटल्यावर नकोसं होतंच की. मी आमच्या ऑफिसच्या, अशा तक्रारी तपासणाऱ्या अंतर्गत समितीवर होते, आम्ही पहिल्यांदा ब्रेकअपची तारीख लिहून घ्यायचो, मग त्यापुढचे मेसेज, आणि तो सीनिअर असेल तर हिचं अप्रेझल नि शिफ्ट कधी बदलली तेही. स्क्रीनशॉटवर माझा काडीचा विश्वास नाही, मधले चार मेसेज गाळून पाठवतात लोक (दोन्हीकडचे हं), अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून मागायचं. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, कलम १४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, खोटेपणा वेगळा सिद्ध करावा लागतो. बाकी ब्रेकअपनंतर त्याने एकदा 'माझा चार्जर डेस्कवर ठेव' एवढंच लिहिलं असेल तर तो छळ नाही, पण तेच रात्री दीडला सतरा मिस्ड कॉल असतील तर बोला.