पीएमपीचा (पुण्याच्या सिटी बसचा) पास काढू की रोज तिकीटच बरं?

वारज्याची_नवीन
भाऊ बार्शीहून अकरावीला आलाय, राहतो माझ्याकडे वारज्याला, कॉलेज डेक्कनला. त्याला एका बाजूचं तिकीट २० पडतं. माझं ऑफिस पिंपरीला पण आठवड्यातून ३च दिवस जायचं असतं, मधे एक बस बदलून जाताना ४० आणि येताना ४०. दोघंही रोज सुट्टे शोधत बसतो. पास काढायचा तर कुठला? आणि बायकांना अर्धं तिकीट असतं ना, मग मला का नाही देत कंडक्टर? हसू नका, पुण्यात येऊन दोनच महिने झालेत.

खिडकीची_सीट
अर्धं तिकीट एसटीत हो ताई, महिला सन्मान योजना, १७ मार्च २०२३ पासून. पीएमपी वेगळी, तिथे पूर्ण पैसे. बार्शीला जाताना मागा, तिथे हक्काचं आहे.

हिशोबी_माणूस
आधी भावाचं बघू. विद्यार्थी पास ७५० चा, १ जून २०२५ ला भाडं वाढलं तेव्हा हा तसाच ठेवला. रोजचे ४०, म्हणजे १९ दिवस कॉलेज झालं की ७६०, पास वसूल. फक्त दिवाळीच्या सुट्टीच्या महिन्यात काढू नका, मी सेकंड इयरला काढलेला आणि १२ दिवस गावाला लोळत होतो, पास पाकिटात.

तुमचा मासिक पास मात्र बिलकुल नको. तो आता १५०० आहे. महिन्याला १२ दिवस जाता, तिकिटाने ९६० होतात. त्यापेक्षा जायच्या दिवशी ७० चा दैनिक पास घ्या, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही हद्दीत चालतो, ८४० मध्ये महिना निघतो आणि त्याच दिवशी येताना मंडईत उतरलात तरी वेगळं तिकीट नाही. या ७० च्या हिशोबाने १५०० वाला परवडायला २२ दिवस तरी जायला लागेल.

जुना_पासवाला
९०० चा १५०० केला हो एका झटक्यात. दैनिक पास ४० चा होता तो ७०. ११ वर्षं भाडं वाढवलं नाही म्हणून एकदम वाढवलं म्हणतात, ठीक आहे, डिझेल महागलं कळतं, पण मग रोज बसने जाणाऱ्यालाच सगळ्यात जास्त का? मी पास सोडला आणि गाडी काढली, आता चांदणी चौकात पेट्रोल जाळत उभा असतो, बसमध्ये निदान झोप तरी व्हायची.

वारज्याची_नवीन
@हिशोबी_माणूस अहो हे ७० वालं डोक्यातच आलं नव्हतं!! मी सरळ १५०० भरायला निघालेले. भावाला मेट्रो बरी पडेल का? वनाझहून डेक्कन सरळ आहे म्हणे.

खिडकीची_सीट
सरळ आहे, विद्यार्थ्यांना ३० टक्के सूटही मिळते. पण वारज्याहून वनाझ गाठायला परत बस नाहीतर रिक्षा, मग त्या सवलतीचं काय करायचं. पावसाळ्यात एखाद्या दिवशी जाऊदे, रोजला नको.

सासवडचा_पोरगा
मी एसटीने येतो, विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा. बहीण दहावीला आहे तिचा तर फुकट, मुलींना बारावीपर्यंत एसटी पास फ्री आहे. स्वारगेटला उतरून पुढे कॉलेजला पीएमपी, त्यामुळे माझे दोन पास. गळ्यात एक आणि खिशात एक, मित्र मला खासदार म्हणतात.

वारज्याची_नवीन
😂 भाऊ सोमवारी कॉलेजमधून बोनाफाइड आणायला जातोय. फोटो पासपोर्ट साइज लागतो की छोटा?

हिशोबी_माणूस
दोन्ही दे खिशात, आणि आधारची झेरॉक्स. झेरॉक्सवाला नेमका जेवायला गेलेला असतो.