प्रति: टर्बो घेऊन करायचं काय?

'टर्बोचे जादा पैसे म्हणजे हायवेवर ओव्हरटेक मारायची हौस' हे या चर्चेतलं मत सपाटीवरच्या माणसाचं आहे. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. आम्हा सातारकरांना गावाबाहेर पडलं की घाटच. ह्युंदाई व्हर्नाचंच घ्या: साधं दीड लिटर इंजिन ११५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), टर्बो १६०. पण खरी गंमत टॉर्कची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराची. साध्याचा १४४ एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) यायला ४५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) लागतात, टर्बोचा २५३ एनएम १५०० पासूनच हजर.

माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, बिनटर्बो. दिवाळीत मेढ्यावरून केळघर घाटानं महाबळेश्वरला निघालो. पाच माणसं, डिकी गच्च, एसी चालू. वळणावर पुढे एसटी. दुसरा गिअर, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी काही उचलेना! शेवटी आईच म्हणाली, "एसी बंद कर रे, दमलीय ती." आतेभाऊ त्याची टर्बो घेऊन तिसऱ्यात निवांत वर. आणि इथे कुणी काढला नाही तो मुद्दा म्हणजे उंचीचा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, हवा विरळ. साध्या इंजिनाची दहाएक टक्के ताकद तिथेच जाते. टर्बो तीच हवा दाबून भरतो, त्यामुळे त्याला ही तूट फारशी जाणवत नाही.

रोजचं फिरणं गावातल्या गावात, पोवई नाका ते राजवाडा एवढंच असेल तर मात्र साधीच घ्या. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला हायवेला नेईल, तुम्ही यवतेश्वर घाटाचा हट्ट धरा. आणि एकटे जाऊ नका, घरची चार माणसं बसवून न्या.