गोव्यात घरगुती ग्राहकाला वीजपुरवठादार निवडता यावा का?

म्हापसेकर:
गोव्यात घरात वीज हवी तर दार एकच, वीज खात्याचे. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात एकाच भागात अनेक पुरवठादार आणि तारा सामायिक, अशी तरतूद होती. ती मुभा आपल्या घरांना मिळायलाच हवी. २००३ च्या कायद्याखाली मोकळीक मिळते ती १ मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला, हरित विजेसाठी १०० किलोवॉटपासून. ३-४ किलोवॉटच्या घराने कुठे जायचे?

ब्रिटनमध्ये १९९९ पासून प्रत्येक घर पुरवठादार बदलू शकते. खोदकाम नाही, मीटर तोच, वीज क्षणभरही जात नाही. वर्षाची युनिटे गुणिले युनिटचा दर, त्यात रोजचा स्थिर आकार गुणिले ३६५ मिळवायचा आणि दोन योजनांची बेरीज शेजारी ठेवायची. मुदतीआधी सोडल्यास दंड किती, ते आधी वाचायचे. बदलाच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा, नाहीतर शेवटच्या बिलात अंदाजाचे युनिट लागते. मन बदलले तर १४ दिवसांत करार रद्द.

फोंडेकर:
हे सगळे बरोबर, पण गोवेकराची तक्रार दराची कमी आणि वीज जाण्याची जास्त. ती का जाते? माडाचे चुडत ११ केव्हीच्या उघड्या तारांवर पडते. किनाऱ्याला इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, पहिल्या रिमझिमीत तो ओला झाला की त्यातून वीज वाहते आणि फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी मुख्य लाईन, ट्रिप होऊन बंद पडतो. (मुसळधार पाऊस उलट तो थर धुऊन नेतो.) पुरवठादार कोणीही निवडा; खांब, तार, ट्रान्सफॉर्मर आणि लाईनमन तेच राहणार. झाडांची छाटणी आणि आवरण असलेली केबल यांवर पैसा घाला, वीज टिकेल.

आणि ब्रिटनचे पुढचेही सांगायला हवे. २०२१ मध्ये घाऊक गॅसचा भाव आणि त्याबरोबर विजेचाही भडकला, घरगुती दरावर मर्यादा होती, आणि आगाऊ खरेदी न केलेल्या कंपन्या एकामागून एक कोसळल्या, जवळपास ३०. त्यांचे ग्राहक दुसऱ्यांकडे सोपवले, अंधार कुठेच झाला नाही. पण तो खर्च सगळ्या घरांच्या बिलांत चढला. ज्यांनी कधी कंपनी बदलली नव्हती, त्यांच्याही.

म्हापसेकर:
फोंडेकरबाब, तारांचे मान्य. पण त्या कंपन्या कोसळल्या कारण तुटपुंज्या भांडवलावर परवाने वाटले होते. परवाना देतानाच आगाऊ खरेदी आणि अनामत सक्तीची करता येते.

साखळीकर:
ब्रिटन कशाला, मुंबई पाहा. २००९ पासून उपनगरातल्या ग्राहकाला रिलायन्सच्या तारेवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. त्याला चेंजओव्हर म्हणतात. स्वतंत्र तार ओढून जाणे म्हणजे स्विचओव्हर. स्वस्त दर दिसला तरी चेंजओव्हरच्या बिलात जुन्या कंपनीच्या तारेचा वहन आकार, म्हणजे तारेचे भाडे, लागतो; नंतर क्रॉस सबसिडी अधिभारही आला, म्हणजे जास्त दर भरणारा ग्राहक गेल्यावर स्वस्त टप्प्यांचा सुटलेला आधार भरून काढणारी रक्कम. केवळ युनिटचा दर पाहून गेलेल्याचे गणित तिथे चुकते.

माझा विरोध आहे तो इथेच. गोव्यात कमी युनिटांचा टप्पा स्वस्त राहतो, कारण वरचे टप्पे, उद्योग आणि हॉटेले जास्त भरतात. पर्वरी-पणजीतली ४०० युनिटांवरची घरे नवा पुरवठादार आधी उचलणार. सत्तरी-सांग्यातल्या लांबच लांब लाईनींचा खर्च मग कोण भरणार?

केपेकर:
साखळीकरताई, मुंबईत नेमके हेच झाले. २०१२ मध्ये वीज नियामक आयोगाने टाटांना काही काळ फक्त ३०० युनिटांपर्यंतचे ग्राहक घ्यायला लावले. म्हणजे अट घालता येते. माझा अडसर मीटरचा आहे. आपल्याकडे ग्रीडचा हिशेब १५ मिनिटांच्या खंडांत होतो. महिन्यातून एकदा वाचायच्या मीटरवरून संध्याकाळी ७ वाजता कोणाच्या ग्राहकाने किती वीज ओढली, हे कळत नाही, आणि महाग वेळेची वीज कोणाच्या खात्यावर टाकायची यावर भांडण होते. प्रत्येक घरात वेळेनुसार वापर आपोआप नोंदवणारा स्मार्ट मीटर बसल्याशिवाय ही मुभा आणू नये.

म्हापसेकर:
मीटर आधी, मुभा नंतर, हा क्रम मला मान्य. ताई, दूरच्या लाईनींचा खर्च वहन आकारात घालून तो सगळ्या पुरवठादारांच्या ग्राहकांकडून सारखा घेतला, तर तुमचा विरोध उरतो का?

साखळीकर:
आकार आयोगाने ठरवला आणि बिलावर वेगळ्या ओळीत छापला, तर माझा विरोध निम्मा होतो. पुरा नाही.